नारीस्थान : भूमी, माणसे आणि रोजगार

कोणताही देश शिकवायला घेतला की आम्ही शिक्षक फळ्यावर आधी तीन शब्द लिहितो. उर्दू शाळेत ते 'जमीन, लोग और पेशे' असतात. मराठी शाळेत 'भूमी, लोकजीवन आणि व्यवसाय'. पाणी कुठून येते, शेतात काय पिकते, माणसे काय खातात, कोणते काम कोणाच्या वाट्याला येते आणि त्याचा मोबदला कोणाच्या हातात पडतो, एवढे समजले की देश समजला, असे आम्ही मुलांना सांगतो. या लेखात याच तीन शब्दांच्या आधाराने आम्ही एका देशाची ओळख करून देत आहोत. हा देश कोणत्याही नकाशात नाही. त्याला राणी आहे, राजधानी आहे, दोन विद्यापीठे आहेत, त्याने एक युद्धही जिंकले आहे. परंतु तो वसला तो भागलपुरातील एका पडदानशीन बाईच्या कल्पनेत.

त्याचे नाव 'लेडीलँड'. १९०५ साली मद्रासहून निघणाऱ्या 'इंडियन लेडीज मॅगझीन' या इंग्रजी मासिकात 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. तीत हा देश प्रथम दिसला. १९०८ साली कलकत्त्यात तिचे स्वतंत्र पुस्तक निघाले. पुढे लेखिकेने स्वतःच ती कथा बंगालीत आणली, तेव्हा देशाचे नाव 'नारीस्थान' ठेवले. आम्हीही हेच नाव वापरू. लेखिका म्हणजे रुकय्या सखावत हुसेन. बंगालमध्ये त्यांना 'बेगम रोकेया' म्हणून ओळखतात.

नारीस्थान हा कल्पनेचा खेळ आहे, हे कोणीही मान्य करील. पण कथा प्रसिद्ध झाल्यानंतर चारच वर्षांनी याच बाईंनी खरीखुरी शाळा काढली आणि अखेरच्या श्वासापर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, ती चालवली. कल्पनेतला देश आणि कष्टाने उभारलेली शाळा शेजारीशेजारी ठेवून वाचली, तर मुस्लिम स्त्री-शिक्षणाच्या इतिहासातले एक पान नीट उलगडते, असे आम्हाला वाटते.

पायराबंद ते भागलपूर

बेगम रुकय्या यांचा जन्म १८८० सालचा. गाव पायराबंद, जिल्हा रंगपूर. आज हा भाग बांगलादेशात आहे. वडील मोठे जमीनदार. मुलांना त्यांनी इंग्रजी शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठवले. मुलींसाठी मात्र कुरआनचे पठण आणि थोडीफार उर्दू पुरेशी मानली गेली. बंगाली ही रयतेची भाषा. खानदानी मुसलमानांच्या हवेलीत तिला मान नव्हता, आणि इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. वयाच्या पाचव्या वर्षापासून रुकय्या यांना पडदा करावा लागला, आणि तोही केवळ पुरुषांपासून नव्हे, बाहेरून येणाऱ्या परक्या स्त्रियांपासूनसुद्धा. घरात कोणी अनोळखी बाई आली की या लहान मुलीने कुठेतरी लपून बसायचे.

अशा घरात थोरले भाऊ इब्राहीम साबेर यांनी बहिणीला इंग्रजी शिकवले. वेळ रात्रीची, वडील झोपल्यानंतरची. उजेड मेणबत्तीचा. थोरली बहीण करीमुन्निसा हिने बंगालीची गोडी लावली. १८९८ च्या सुमारास भागलपूरचे सय्यद सखावत हुसेन यांच्याशी रुकय्या यांचा निकाह झाला. ते विधुर होते, वयाने बरेच मोठे होते, उर्दूभाषक होते आणि सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. बायकोने वाचावे, लिहावे, असे त्यांना मनापासून वाटत असे.

असेच एकदा ते कामानिमित्त फिरतीवर गेलेले असताना घरी एकट्या असलेल्या रुकय्या यांनी वेळ घालवण्यासाठी ही कथा लिहिली. पती परतले, त्यांनी उभ्याउभ्याच सगळी वाचली आणि हा तर भयंकर सूड आहे, असा शेरा दिला. ही आठवण पुढे स्वतः लेखिकेनेच नोंदवून ठेवली आहे. सूड कसला, हे कळण्यासाठी आता देशात शिरू.

भूमी

सुलताना नावाची स्त्री आपल्या खोलीत आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करत असते. तिचा डोळा लागतो. सारा नावाची मैत्रीण येते आणि तिला बाहेर फिरायला घेऊन जाते. बाहेर लख्ख सकाळ असते, रस्ता गजबजलेला असतो, आणि त्या रस्त्यावर एकही पुरुष नसतो.

या देशात फरसबंद रस्ते नाहीत. पायांखाली मऊ शेवाळ आणि फुले अंथरलेली आहेत; गालिच्यावरून चालावे तसे लोक चालतात. अख्खे शहर म्हणजे एक बाग. मनात आणले तर तुमचे कलकत्ता याहून सुंदर बाग होईल, असे सारा पाहुणीला सांगते. राणीला वनस्पतिशास्त्राची आवड आहे आणि सगळा देश एकच उद्यान व्हावा, ही तिची इच्छा आहे. लोकांचे मुख्य अन्न फळे.

पावसाची व्यवस्था तर विलक्षण आहे. एका विद्यापीठातील स्त्रियांनी नळ्या जोडलेला एक मोठा फुगा तयार केला आहे. तो ढगांच्या वर तरंगत असतो आणि हवे तेवढे पाणी ढगातून ओढून घेतो. त्यामुळे अतिवृष्टी नाही, पूर नाही, वादळ नाही, आणि शेताला पाण्याची वाणही नाही. रंगपूर काय किंवा भागलपूर काय, मोठ्या नद्यांच्या लहरीवर जगणारा हा प्रदेश. तिथल्या बाईने आपल्या देशासाठी पहिली गोष्ट मागितली ती आटोक्यातले पाणी, हे भूगोल शिकवणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

दुसऱ्या विद्यापीठाने उन्हाची उष्णता साठवण्याचे यंत्र काढले. १९०५ साली हे निव्वळ दिवास्वप्न नव्हते. १८७८ मध्ये आपल्या मुंबईतच विल्यम अॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात आरशांनी ऊन एकवटून वाफेचे यंत्र चालवून दाखवले होते आणि सूर्यचूलही बनवली होती. पण नारीस्थानात हा प्रयोग थेट स्वयंपाकघरात पोचला. साराच्या घरचा मुदपाकखाना भाजीच्या मळ्यात आहे. तिथे कोळसा नाही, धुराडे नाही, भिंतींना काजळी नाही. नळीतून सूर्याची उष्णता येते आणि अन्न शिजते. आपल्या आया-आजींनी चुलीच्या धुरात डोळे किती चोळले हे आठवले, म्हणजे ही कल्पना कोणाला सुचू शकते, ते कळते.

तिसरी गोष्ट रोगराईची. या देशात साथीचे रोग नाहीत, डाससुद्धा नाहीत. अपघात सोडला तर तरुणपणी कोणी मरत नाही. कथा लिहिली गेली त्या काळात १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग देशभर पसरला होता आणि बंगाल मलेरियाने पोखरला होता. म्हणजे पूर, धूर आणि ताप या आपल्या घराभोवतीच्या तीन संकटांना हाकलून लावले की जे उरते, ती नारीस्थानची भूमी.

माणसे

आता लोक. रस्त्यावरच्या बायका सुलतानाकडे पाहून हसतात आणि ही अगदी पुरुषी दिसते, असे म्हणतात. सुलताना गोंधळते. सारा समजावते, की या देशात 'पुरुषी' याचा अर्थ लाजाळू आणि बुजरा. कारण इथे पुरुष घरात बंद असतात.

येथे एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. उर्दूभाषक घरांत 'जनाना' म्हणजे बायकांचा आतला भाग आणि 'मर्दाना' म्हणजे पुरुषांची बाहेरची बैठक. हवा, उजेड, पाहुणे, वर्तमानपत्र, गप्पा हे सगळे मर्दान्यात असे. बेगम रुकय्या यांनी शब्द तोच ठेवला आणि त्याची जागा बदलली. नारीस्थानात मर्दाना हा आतला, चार भिंतींचा, बाहेर न पडण्याचा भाग आहे. तिथे पुरुष मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात, घरकाम करतात. शब्दकोशाला धक्का न लावता त्यांनी घर उलटे केले.

त्यामागची सारेची दलील ऐकण्यासारखी आहे. वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटले आणि लोकांना त्रास देऊ लागले तर तुम्ही कोणाला कोंडाल, वेड्यांना की शहाण्यांना? मग ज्यांच्यापासून धोका आहे त्यांना मोकळे सोडून, ज्यांना धोका आहे त्यांना तुम्ही का कोंडता? पुरुष बलवान आहेत म्हणून, असे सुलताना म्हणते. सिंह माणसाहून बलवान असतो, म्हणून तो माणसांवर राज्य करतो का, असा सारेचा प्रतिप्रश्न आहे.

हा देश असा कसा झाला, याचाही इतिहास कथेत आहे. तीस वर्षांपूर्वी, वयाच्या तेराव्या वर्षी राणी गादीवर बसली. कारभार पंतप्रधानाच्या हाती होता. राणीला विज्ञानाची ओढ होती. तिने हुकूम काढला की राज्यातील सर्व स्त्रियांना शिक्षण मिळावे. सरकारी खर्चाने मुलींच्या शाळा निघाल्या. त्यानंतर बालविवाह बंद झाले. २१ वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न करायचे नाही, असे ठरले. मग राजधानीत स्त्रियांची दोन विद्यापीठे उभी राहिली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शाळा, मग लग्नाचे वय, मग विद्यापीठ. त्या काळी पुरुष लष्करी ताकद वाढवण्यात गुंतलेले होते आणि बायकांच्या या उद्योगांना हसत होते.

पुढे शेजारच्या राज्यातून काही निर्वासित आश्रयाला आले. राणीने त्यांना परत देण्यास नकार दिला. शेजारच्या राजाने युद्ध पुकारले. सैन्य हरले, सोळा वर्षांची पोरेसुद्धा लढायला गेली, तरीही शत्रू राजधानीपासून २५ मैलांवर येऊन ठेपला. तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राचार्या आपल्या २००० विद्यार्थिनींना घेऊन रणांगणाकडे निघाल्या. त्यांनी बाहेर पडण्यापूर्वी एकच अट घातली, की पडद्याची मर्यादा राहावी म्हणून पुरुषांनी जनान्यात जाऊन बसावे. थकलेले, जखमी पुरुष मुकाट्याने आत गेले. प्राचार्यांनी साठवलेले ऊन शत्रूवर सोडले, शत्रू पळाला, आणि पुरुष आतच राहिले. काही काळाने पोलीस कमिशनर आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट यांनी आम्हाला कामावर येऊ द्या, असा अर्ज केला. गरज पडली तर बोलावू, असे राणीने कळवले. एका मॅजिस्ट्रेटच्या घरी बसून हे वाक्य लिहिले गेले, हे लक्षात घेतले की पतीने तिला सूड का म्हटले ते समजते.

या देशाचा धर्म प्रेम आणि सत्य. खोटे बोलणाऱ्याला देश सोडावा लागतो, पश्चात्ताप झाला तर माफी मिळते. देहदंड नाही. इतरांच्या जमिनीची हाव नाही. कोहिनूर किंवा मयूरासन यांसाठी आम्ही भांडत नाही, अशा अर्थाचे सारेचे उद्गार आहेत. ब्रिटिश राज्यात, एका सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नीने कोहिनूरचे नाव सहज घेतले असेल, असे आम्हाला वाटत नाही.

रोजगार

आता तिसरा शब्द, पेशे. आमच्या मते कथेचा खरा गाभा इथे आहे.

सारा प्रयोगशाळेत काम करते, कार्यालयाचे काम करते, शिवाय घरी भरतकामही करते. एवढा वेळ कसा मिळतो, असे सुलताना विचारते. आम्ही दोन तासांत काम संपवतो, असे उत्तर येते. आमच्याकडचे अधिकारी तर सात तास काम करतात, असे सुलताना म्हणते. त्यावर सारा गणित मांडते. एक चिरूट जळायला अर्धा तास लागतो. पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतो. म्हणजे सहा तास धुरात गेले. हा हिशोब पाचवीच्या मुलीलाही सोडवता येईल.

शेती विजेवर चालते. जड कामे विजेवर होतात. प्रवासासाठी हवाई गाड्या आहेत. एक फळी, तिला दोन बैठका, हायड्रोजनचे दोन गोळे आणि विजेवर फिरणारे पंख. राईट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ च्या डिसेंबरातले; भागलपुरात विमान पाहण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. रेल्वे नाही, त्यामुळे रेल्वेचे अपघात नाहीत. व्यापाराला राणीची हरकत नाही. मात्र ज्या देशांत बायका कोंडलेल्या असतात आणि व्यापाराला स्वतः येऊ शकत नाहीत, त्यांच्याशी नारीस्थान व्यवहार करत नाही. म्हणजे बाईने बाईशी, बाजारात समोरासमोर उभे राहून सौदा करायचा आहे.

त्याच सुमारास लिहिलेल्या बंगाली निबंधांत बेगम रुकय्या यांनी हाच मुद्दा थेट मांडला आहे. कारकुनीपासून न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत कोणतेही काम बायकांनी का करू नये, आणि नवऱ्याच्या घरात जी मेहनत फुकट जाते तीच मेहनत स्वतःच्या धंद्यात का घालू नये, असा त्यांचा सवाल होता. कल्पित कथेत जे गमतीने आले, ते निबंधात रोखठोक आले. दोन्हींचा आशय एकच, की माणूस कोणता पेशा करतो हे निसर्ग ठरवत नाही. कोणाला दाराबाहेर जाता येते, यावर ते ठरते. या बाईंनी फक्त दाराची कडी बाहेरून आत लावली आणि देशाचा सगळा भूगोल बदलून दाखवला.

जे या देशात दिसत नाही

श्रद्धेने वाचले तरी डोळे झाकून वाचू नये. पुरुषांना कोंडणे हा न्याय नव्हे, हे लेखिकेला ठाऊक होते. वाचणाऱ्या पुरुषाला दोन घटका कोंडल्यासारखे वाटावे, एवढाच तिचा डाव होता. परंतु नारीस्थानात दुसरीही एक उणीव आहे. त्या देशात शेतमजूर बाई दिसत नाही. मोलकरीण, धोबीण, दाई दिसत नाही. नांगर वीज धरते, चूल सूर्य पेटवतो. ज्या काळी खानदानी बेगमा पडद्यात होत्या, त्याच काळी त्यांच्या दारात पाणी भरणारी आणि रानात खुरपणारी गरीब मुसलमान बाई उघड्या आभाळाखालीच होती. तिला बाहेर जाण्याची मुभा होती, पण तिच्या हाती काही पडत नव्हते. हवेलीच्या खिडकीतून पाहिलेल्या स्वप्नात ती राहून गेली. पुढे १९१६ साली बेगम रुकय्या यांनी 'अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम' स्थापन केली आणि त्या संस्थेच्या स्त्रिया कलकत्त्याच्या वस्त्यांत जाऊन अक्षरे आणि हातकाम शिकवू लागल्या. राहून गेलेले नंतर आयुष्यात भरून काढण्याचा हा प्रयत्न होता, असे आम्ही मानतो.

पाच मुली आणि एक बंद गाडी

३ मे १९०९ रोजी सखावत हुसेन वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. पाच महिन्यांत, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, भागलपुरात शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी पाच. कल्पनेतल्या प्राचार्येच्या मागे २००० मुली चालल्या होत्या. खऱ्या मुख्याध्यापिकेसमोर पाच बसल्या. घरगुती वादामुळे भागलपूर सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात वलीउल्ला लेनमधील एका घरात 'सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल' पुन्हा सुरू झाले. या वेळी मुली आठ. शिक्षणाचे माध्यम उर्दू.

शाळा काढणाऱ्या बाईंनी स्वतः कधी शाळेत पाऊल ठेवलेले नव्हते. वर्ग कसा चालतो, हे पाहण्यासाठी त्या कलकत्त्यातील इतर मुलींच्या शाळांत जाऊन बसल्या. शिकवण्यासाठी मुस्लिम स्त्रिया मिळत नव्हत्या. मद्रास, गया, आग्रा अशा दूरदूरच्या गावांहून शिक्षिका आणाव्या लागल्या, आणि ज्या मिळाल्या त्यांना त्यांनी स्वतः तयार केले. मुस्लिम स्त्रियांसाठी अध्यापन-प्रशिक्षणाची सोय व्हावी, म्हणून त्या सरकारच्या मागे लागल्या. १९१९ साली कलकत्त्यात अशी प्रशिक्षण शाळा निघाली. आज बी.एड. ही आमच्यासाठी एक पदवी आहे, नोकरीच्या अर्जावरचा एक रकाना आहे. ज्यांनी ती पायवाट खणली त्यांच्याकडे कोणतेच प्रमाणपत्र नव्हते.

पण आम्हाला सर्वांत अस्वस्थ करते ती शाळेच्या गाडीची हकिकत. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अवरोधबासिनी' या पुस्तकात त्यांनी ती सांगितली आहे. पडदा पाळणाऱ्या घरांतून मुली याव्यात म्हणून शाळेने मोटार घेतली. ती चारही बाजूंनी इतकी बंद होती की तिला फिरते अंधारकोठार म्हटले गेले. आत बसलेल्या मुली घाबरून रडल्या, कोणाला उलट्या झाल्या, काही बेशुद्ध पडल्या. तेव्हा बाजूच्या झडपा काढून पडदे लावले. लगेच पत्रे आली. वाऱ्याने पडदे हलतात, मुली दिसतात, ही बेपर्दगी आहे, सुधारणा झाली नाही तर उर्दू वर्तमानपत्रांत लिहू, अशी धमकी होती. पत्रांखाली सही होती इस्लामी बांधवांची.

त्याच पुस्तकात किऊल स्टेशनवरची एक घटना आहे. लेखिकेच्या दूरच्या नात्यातील एक मामेसासू भागलपूरहून पाटण्याला निघाल्या होत्या. गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून त्या रुळांवर पडल्या. माणसे उचलायला धावली. बरोबरच्या मोलकरणीने, परपुरुषाने बीबीसाहेबांना हात लावू नये, म्हणून सर्वांना मागे सारले. तिला एकटीला त्या उचलवेनात. शेवटी गाडी सुटली. नारीस्थानात रेल्वे नाही, हे वाक्य या घटनेनंतर वाचले तर त्याचा अर्थ बदलतो.

उघड्या हवेत तरंगणारी गाडी ज्या हाताने रेखाटली, त्याच हाताने बंद मोटारीचे पडदे शिवून घेतले. यावरून त्यांना कोणी भित्र्या म्हणेल. त्या स्वतः अखेरपर्यंत पडदा पाळत राहिल्या, हेही टीकाकार दाखवतील. आमचे मत वेगळे आहे. बंद गाडीतून आलेली मुलगी वर्गात बसते, वाचू लागते. उघडी गाडी असती तर ती आलीच नसती. बेगम रुकय्या यांनी पडद्याशी वाद कागदावर घातला आणि वर्गासाठी पडद्याशी तडजोड केली. दोन्ही कामे एकाच बाईने केली म्हणून शाळा टिकली. १९३० च्या सुमारास ती हायस्कूल झाली. आज ती कोलकात्यात सरकारी मुलींची शाळा म्हणून चालू आहे. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या रात्री त्या स्त्रियांच्या हक्कांवर एक लेख लिहीत होत्या. तो अपुराच राहिला.

स्वप्नातले किती उतरले

नारीस्थानात १९०५ साली स्त्रियांची दोन विद्यापीठे होती. प्रत्यक्षात हिंदुस्थानातील पहिले महिला विद्यापीठ १९१६ साली आपल्या पुण्याजवळ, हिंगण्याला, धोंडो केशव कर्वे यांनी काढले. त्याचीही सुरुवात पाच विद्यार्थिनींनी झाली. भागलपूरच्या पाच आणि हिंगण्याच्या पाच मुलींनी एकमेकींचे नाव ऐकले नसेल. इतिहासाच्या तासाला मात्र आम्ही त्यांना एकाच बाकावर बसवतो.

नारीस्थानात लग्नाचे वय २१ होते. त्या वेळी आपल्याकडे १८९१ च्या कायद्याने संमतिवयाची मर्यादा १२ होती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले. १९७८ च्या दुरुस्तीने १८ केले. २०२१ साली ते २१ करण्याचे विधेयक लोकसभेत आले, पण २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा संमत न होताच संपुष्टात आले. कायदा आणा किंवा आणू नका. राणीच्या हुकुमांचा क्रम आम्ही वर सांगितला आहे. तिने आधी शाळा काढल्या होत्या.

उन्हावर चालणाऱ्या चुली आल्या, विजेवर चालणारे पंप आले, विमाने तर आता आमच्या गावावरूनही जातात. स्वतः बेगम रुकय्या यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत विमानात बसण्याचा योग आला. चालक त्यांच्या नात्यातलाच तरुण होता. आपण कथेत उडवलेली गाडी प्रत्यक्षात आली, याचा आनंद त्यांनी लिहून ठेवला आहे. यंत्रे सगळी आली. दाराची कडी अजून पुरती निघालेली नाही.

ही कथा आम्ही एकदा आठवीच्या मुलींना उर्दूतून सांगितली. मुली खूप हसल्या. बारा चिरुटांच्या हिशोबावर तर आपापल्या मामू-चाचूंची नावे घेऊन हसल्या. मग आम्ही फळ्यावर नेहमीचे तीन शब्द लिहिले आणि म्हटले, आता तुमचा मुल्क तुम्ही बनवा. एकीने नदी काढली आणि नळ घराच्या आत आणला. एकीने लिहिले की आमच्या मुल्कात अम्मीला दुपारी झोप मिळेल. मागच्या बाकावरच्या मुलीचा कागद बराच वेळ कोराच होता. तिची थोरली बहीण दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती. कॉलेज तालुक्याच्या गावी, बस एकच आणि तीही उशिराची, म्हणून घरी बसली होती. तास संपायच्या आधी तिने कागदावर एक बस काढली. बसला चौकोनी खिडक्या काढल्या, सगळ्या उघड्या. प्रत्येक खिडकीत एक मुलगी बसवली. ड्रायव्हरच्या जागी कोण आहे, असे आम्ही विचारले.

"बाजी है, टीचर," ती म्हणाली. "उसे लायसन मिल गया."